माझ्या पलंगाखालची चाकं

आमच्या घरात हौसेवर कोण किती पैसे घालवतं हे नेमकं ठाऊक असलेलं एकच माणूस आहे, आणि ते मी. त्यात माझी काही हुशारी नाही. मुलगा आणि सून ऑफिसात, नात शाळेत, आणि पार्सलवाला येतो तो भर दुपारी. दार मीच उघडते.

पहिल्यांदा मुलगा म्हणाला, "आई, खोकं आलं की तुझ्या खोलीत ठेव हं. हिला सांगू नकोस, उगाच डोकं खाईल." त्या खोक्यात सायकलची दोन चाकं होती. सायकल आधीच होती, तिला चाकंही होती. ही जास्त हलकी होती म्हणे. एका हाताने उचलून बघितली मी, खरंच फुलासारखी होती. किंमत त्यानेच सांगितली, कारण मला सांगायला त्याला भीती वाटत नाही. ठाण्याला आमच्या दोन खोल्या घेतल्या तेव्हा सुद्धा एवढे दिले नव्हते.

चारच दिवसांनी सूनबाई हळूच आल्या. "आई, एक खोकं येईल माझं. ते तुमच्या साड्यांच्या मागे ठेवाल? ह्याला आकडा कळला तर वर्षभर ऐकवेल." ती दर शनिवारी मातीची भांडी शिकायला जाते. तिथे फिरत्या चाकावर माती थापायची, ती भट्टीत भाजायची, वर रंगाचं काचेसारखं पाणी द्यायचं. त्या एका चिमटीभर रंगाला इतके डॉलर लागतात हे मला साड्यांच्या कपाटामुळे कळलं. तिने केलेला पहिला कप तिने मलाच दिला. चहा ओतला की बुडातून पाझरतो. मी त्यात पेनं ठेवते.

तर मुलगा बायकोला सांगताना किमतीचा तिसरा हिस्सा सांगतो, आणि ती त्याला निम्मी सांगते. म्हणजे दोघांत तीच जास्त खरी. नातीचं आणखी निराळं. ती न उघडलेला डबा विकत घेते. आत कुठली बाहुली आहे ते आधी कळत नाही, आणि हवी ती निघाली नाही की दुसरा डबा. मी म्हटलं, "अगं, मग उघडून दाखव म्हणावं दुकानदाराला." ती म्हणाली, "आजी, then no point lah!" मला पटलं नाही, पण हसू आलं.

मला तेव्हा ह्या सगळ्याचं वाईट वाटत नव्हतं. कमावतात, खर्च करतात, आठवडाभर राबतात बिचारे. उलट दोघांचं गुपित आपल्याकडे आहे म्हणून घरात आपली काहीतरी जागा आहे असं वाटायचं. म्हातारपणी माणूस कशालाही जागा समजतं.

आता माझं सांगते. मी त्र्याहत्तर वर्षांची. सातवीनंतर शाळा सुटली, पुढचं सगळं शिक्षण वाचनालयाच्या पुस्तकांनी केलं. हे गेल्यावर मुलाने इकडे परदेशात, चोआ चू कांगला आणलं, त्याला चार वर्षं झाली. ह्यांची नोकरी रंगाच्या कारखान्यात, स्टोअरमध्ये. तिथले रिकामे डबे ते घरी आणायचे, आणि मी गॅलरीत त्यांत झाडं लावायची. कढीपत्ता, ओवा, एकदा दुधीसुद्धा, तो शेजारणीच्या तारेवर चढला म्हणून भांडण झालं. पण डबा तो डबा. मूळ खाली गेलं की पत्रा लागायचा. आयुष्यात एकदा तरी जमिनीत काही लावावं, मूळ हवं तितकं खाली जाऊ द्यावं, एवढी एक हौस मनात होती. ती मी कोणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखी वाटलीच नाही कधी.

आमच्या ब्लॉकच्या मागे, गाड्या ठेवायच्या इमारतीला लागून, रहिवाशांची बाग आहे. कुंपणात पंचवीस-तीस वाफे, एकेका घराकडे एकेक. संध्याकाळी मी कुंपणापाशी उभी राहून बघायची. एक चिनी आंटी तिथे रोज असायची, माझ्याच वयाची असेल, गुडघ्यापर्यंत रबरी बूट आणि डोक्यावर ही एवढी टोपी. एके दिवशी बघते तर तिने अळू उपटलं, कंद टोपलीत ठेवले आणि पानं, ती हातभर रुंद हिरवीगार पानं, कचऱ्याच्या ढिगावर टाकली! माझा जीव हळहळला. मी ओरडलेच, "नो! नो! ईट!"

ती म्हणाली, "लीफ? कॅन ईट, मेह?"

मला इंग्रजी येतं ते बसपुरतं. म्हटलं, "कॅन. व्हेरी कॅन."

तिने सगळा भारा मला दिला. मी घरी नेऊन चिंच लावून, बेसन थापून वड्या वळल्या, उकडल्या, तळल्या आणि दुसऱ्या दिवशी डब्यातून नेल्या. तिने एक वडी आधी हुंगली, मग कोपऱ्यातून चावली, मग काही न बोलता आठ खाल्ल्या. आणि कपाळावर हात मारून घेतला, इतकी वर्षं पानं टाकली म्हणून. तेव्हापासून मला कुंपणाच्या आत प्रवेश मिळाला. ती मला "वडी आंटी" म्हणायला लागली. बोलणं असं काही नव्हतं. ती "दिस वन" म्हणायची, मी ते तण उपटायची. ती "नॉट दिस वन!" म्हणायची, मी हात आवरायची.

तिच्या शेजारचा वाफा रिकामा होणार होता. ती माणसं दुसरीकडे राहायला चालली होती. मी तो पावलांनी मोजला, लांबीला सात पावलं, रुंदीला तीन. आंटीने मला नीट समजावलं. वाफे दर तीन वर्षांनी चिठ्ठ्या काढून देतात. अर्ज फोनवरून करायचा, ज्याच्या नावावर घर त्याने. तिने कॅलेंडरचं पान फाडून शेवटच्या तारखेला लाल पेनाने गोल केला, खाली आमच्या घराचा नंबर विचारून लिहिला आणि पान माझ्या पर्समध्ये स्वतःच्या हाताने घातलं. वर्षाची फी सांगितली तेव्हा मला हसूच आलं. मुलाच्या सायकलवर घालायच्या मोज्यांचे दोन जोड त्याच आठवड्यात आले होते, तेवढीच.

मी जेवताना विषय काढला. का कोण जाणे, मी कोणाकडे हात पसरतेय असं वाटत होतं.

मुलगा म्हणाला, "अगं मस्तच! एवढंच ना? करतो की."

"फी मी देईन, माझ्याकडे आहेत."

"आई, काहीतरीच काय बोलतेस? पैशाचा प्रश्नच नाही."

खरंच पैशाचा प्रश्न नव्हता. ते पान मी फ्रिजवर चिकटवलं. आठवड्याने विचारलं, तो म्हणाला, "हो गं, लक्षात आहे." पुढच्या आठवड्यात विचारलं, "आई, पाच मिनिटांचं काम आहे, कशाला टेन्शन घेतेस?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याने नुसती मान हलवली, आणि मी ठरवलं की आता विचारायचं नाही. मुलाच्या घरात राहणाऱ्या बाईने एक गोष्ट किती वेळा विचारायची, ह्याला हद्द असते. कोणी घालून दिलेली नसते, आपणच घालून घेतो.

शेवटची तारीख रविवारी होती. शनिवारी पहाटे तो आणि त्याचे मित्र सायकली घेऊन पूल ओलांडून शेजारच्या देशात, जोहोरला गेले, दोन दिवसांसाठी. निघताना त्याची कोण घाई! माझ्या पलंगाखालून नवी चाकं काढली, जुनी त्याच खोक्यात घातली, मीच दाराबाहेर लक्ष ठेवलं, सूनबाई अंघोळीला होत्या. तो लहान मुलासारखा खुश होता. मी मनात म्हटलं, केलं असेल त्याने. इतक्या आनंदात असलेल्या माणसाच्या मागे भुणभुण करायची नाही. हीच माझी चूक.

सोमवारी विचारलं. त्याने जीभ चावली. "अरे यार. आई, सॉरी. राहिलंच गं."

मी फ्रिजवरच्या पानाकडे बघितलं.

"पुढच्या वेळी नक्की. तीन वर्षं काय, अशी जातात."

"कोणाची?" मी विचारलं.

तो हसला. विनोद वाटला त्याला.

तसा तो दुष्ट नाही. रागही त्याचा फारसा आला नाही, स्वतःचाच आला. लहानपणी त्याला बुद्धिबळाचा क्लास लावला, मग तो सोडून गिटार, मग गिटार सोडून कॉम्प्युटर. प्रत्येक वेळी मी म्हणायची, "मला काही नको, तू शीक." चाळीस वर्षं "मला काही नको" ऐकत वाढलेल्या मुलाला एक दिवस आईला काही हवं आहे हे कानावर पडलं तरी ते आत कुठे शिरणार?

पंधरा दिवसांनी एक मोठं खोकं आलं. ह्या वेळी कोणापासून लपवायचं नव्हतं, ते माझ्यासाठी होतं. पांढरं शुभ्र कपाट, वरून जांभळा दिवा, आत पाण्यावर वाढणारी झाडं. दोघांनी मिळून घेतलेलं. त्यांनी एकमेकांपासून न लपवता घेतलेली ती पहिलीच वस्तू असावी. सूनबाई कौतुकाने सांगत होत्या, "बघा ना आई, ऊन नाही, डास नाही, माती नाही! हात अजिबात खराब होत नाहीत." बोलताना तिच्या नखांत शनिवारची माती होती. हात खराब करायला ती तासाला किती मोजते ते मला माहीत आहे.

माझा त्या कपाटाशेजारी फोटो काढला. नातीने तो कुठेकुठे पाठवला. भारतातून फोन आले, "नशीबवान आहेस गं, मुलगा किती करतो!" किंमत ऐकल्यावर तर माझ्या बहिणीची बोलतीच बंद झाली. त्या पैशात तो वाफा मला शंभर वर्षं मिळाला असता.

कपाटात सॅलडची पानं उगवतात. मला ती खाऊन पोट दुखतं. ते कपाट मुलाच्या फोनला जोडलेलं आहे, आणि पाणी कमी झालं की तो ऑफिसातून फोन करतो, "आई, पाणी घाल गं, खालचं लाल दाखवतंय." एकदाही विसरलेला नाही.

बागेत जायला मी टाळाटाळ केली. शेवटी गेले. रिकाम्या वाफ्यात एक तरुण जोडपं विटा मांडून फोटो काढत होतं. आंटीने मला बघितलं, बूट काढले, जवळ आली. "यू? नंबर, नो?"

मी म्हटलं, "नो. नॉट लकी." आणि उगाच पुढे जोडलं, "माय सन ट्राय. गुड सन."

"हाँ. नॉट लकी," ती म्हणाली, आणि अळूची पानं तोडायला वळली. ती देठं बांधत होती तेव्हा माझं लक्ष फाटकाच्या फळ्यावर गेलं. अर्ज केलेल्या सगळ्या घरांचे नंबर तिथे लावले होते, वाफा मिळाला त्यांचेही आणि नाही मिळाला त्यांचेही. आमचा नव्हता. आणि आमच्या घराचा नंबर आंटीला पाठ होता, तिनेच तर तो कॅलेंडरच्या पानावर तारखेखाली लिहून दिला होता. तिने भारा माझ्या हातात दिला, माझ्या खोटेपणाबद्दल एक शब्द बोलली नाही. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि ती लाज माझी नव्हतीच.

त्यानंतर तीन-चार दिवसांत पार्सलवाला आला. मुलाचा सकाळीच फोन आला होता, "आई, आज एक लांब खोकं येईल. हँडलबार आहे. पलंगाखाली ठेव, प्लीज." मी सही केली. खोकं घेतलं, आणि माझ्या खोलीकडे निघाले होते, खरंच निघाले होते. मग थांबले. ते हॉलच्या मधोमध, त्या जांभळ्या कपाटाला टेकवून उभं केलं. मग आत जाऊन पलंगाखालून जुन्या चाकांचं खोकं ओढून काढलं, तेही शेजारी ठेवलं. साड्यांच्या मागचे रंग काढले, ते वर रचले. पाठीत उसण भरली. अळूच्या वड्या उकडायला ठेवल्या आणि बसले.

दोघं एकदमच आली त्या दिवशी. मग सूनबाई चाकांकडे बघून म्हणाल्या, "हे काय?" आणि तो रंगांच्या बाटल्या उचलून म्हणाला, "आणि हे?" पुढचं भांडण इंग्रजीत झालं. मला आकडे तेवढे कळत होते, आणि ते सगळे बरोबर होते.

मग मुलगा स्वयंपाकघरात आला. चेहरा लाल झालेला. दबक्या आवाजात म्हणाला, "आई, तुला सांगितलं होतं ना, आत ठेव म्हणून?"

मी वडीवर तीळ टाकत होते. मान वर न करता म्हटलं, "राहिलंच रे."

त्याला कळलं की नाही, मला माहीत नाही. त्याने ताटातली एक वडी उचलली, खाल्ली आणि म्हणाला, "अळू कुठून आणलंस? टेक्क्याच्या बाजारातून?"