वादीतल्या दुपारच्या हाका

माझं नाव विमल. सातवी शिकलेली बाई, संग्रामपुरात बत्तीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. गिरणीच्या दाराला कोणीतरी लिंबू-मिरची बांधून जायचं, तर मी मिरची टाकून द्यायची अन लिंबाचं सरबत करून प्यायची. बायका तोंडावर हात ठेवायच्या. म्हणजे मी कशी आहे ते तुम्हाला कळलं असेल. भुताखेताचं कोणी सांगायला बसलं की मी उठून पीठ चाळायला जायची. त्यामुळे हे लिहू की नको यात एक वर्ष गेलं. लेक म्हणाली, आई, लिहून टाक, छातीवरून उतरेल. उतरतं की नाही बघू...

मागच्या मार्गशीर्षातली गोष्ट. माझी लेक वैशाली मस्कतला असते. जावई तिथं कंपनीत आहेत. तिनं मला महिनाभरासाठी बोलावलं. जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार होते मी. पण घरात अडचण एकच – बाई. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. माय लवकर गेली, मला हिनंच वाढवलं. वान नदीच्या डोहात पोहायला हिनंच शिकवलं, पाठीला वाळलेले भोपळे बांधून. खुब्याचं हाड मोडल्यापासून सहा महिने ती खाटेवरच होती. मुलगा-सून सगळं करायचे. तिचं घर माझ्या घरापासून चार दारं सोडून.

निघायच्या आदल्या दिवशी तिच्याकडे गेले. मला म्हणाली, "जाऊ नको व इमले. यंदा मले माझा भरोसा नाही वाटून राह्यला."

सगळं जग मला विमल नाहीतर विमलबाई म्हणतं. इमले म्हणणारी ती एकटीच.

मी आपली बॅग, पासपोर्ट, मसाल्याचे डबे या गडबडीत. म्हटलं, "तुले काही होत नाही बाई. तू आम्हाले सगळ्यायले पोचवून मंग जाशीन."

तिनं चहाची बशी खाली ठेवली. मी दारात जाऊन "येते" म्हटलं. आमच्यात जाते म्हणत नाहीत, अन समोरच्यानं "ये" म्हणायचं असतं. ती "ये" म्हणाली नाही.

मस्कतहून मी रोज फोन लावला. सून रेखा उचलायची, म्हणायची, "मावशी, झोपल्या हायेत." रोजच कशी झोपेल हो? मला कळत होतं, बाई रुसली. मलाही मग राग आला. बारा दिवस झाले अन मी फोन करणं सोडून दिलं. म्हटलं, वाढदिवसाला तीच करील.

वाढदिवसाचं असं आहे, शाळेच्या दाखल्यावर माझी तारीख एक जून. ती मास्तरांनी टाकलेली. खरी तिथी चंपाषष्ठी. हे माहीत असणारं माणूस एकच उरलं होतं. दरवर्षी चंपाषष्ठीला सकाळी सहाला पहिला फोन तिचा – "इमले, अजून जित्ती हायेस का व?"

त्या सकाळी सहा वाजले. सात वाजले. फोन नाही.

वैशालीनं माझं तोंड पाहिलं. म्हणाली, "चल, आज तुला पोहायला नेते. चौसष्ट पूर्ण झाली ना, मग काहीतरी धाडस पाहिजे." मस्कतहून सूर गावाकडे जो रस्ता जातो, त्यावर दीड तासावर एक वादी आहे. वादी म्हणजे दोन डोंगरांच्या कपारीतून वाहणारा ओढा. आधी छोट्या बोटीतून पलीकडे जायचं, मग दगडधोंड्यांतून पाऊण तास चालायचं, मग एकामागून एक हिरवे डोह. शेवटच्या डोहाच्या टोकाला कातळात एक चीर – माणसाचं डोकं कसंबसं मावेल एवढीच. तिच्यातून पोहत आत गेलं की गुहा, अन आत धबधबा.

सोबत वाटाड्या होता, सलीमभाई. पन्नाशीचा, बलुची, हिंदी छान बोलायचा. मला पहिल्यापासून अम्मा म्हणत होता. मला लाइफ जॅकेट चढवताना म्हणाला, "अम्मा, डर लगे तो बोलना." मी म्हटलं, "भाई, हमारे यहाँ भोपला बांधके तैरते थे." खूप हसला.

साडेबाराच्या सुमाराला आम्ही त्या चिरीपाशी पोचलो. वैशाली पुढे आत शिरली. सलीमभाई पिशव्या घेऊन बाहेर खडकावर बसला. मी पाण्यात, चिरीच्या तोंडाशी. आणि मागून हाक आली.

"इमले!"

स्पष्ट. जवळून. डोहाच्या काठावर उभं राहून मारावी तशी.

आता इथं सांगते. आमच्याकडे लहानपणापासून घोकून घेतलेलं असतं – पाण्यापाशी, भर दुपारी, मागून हाक आली तर पहिलीला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा बोलावतंच. दुसरं काही असेल तर ते तिसरी हाक मारत नाही. माझा विश्वास नव्हता हो... पण सवय होती. हे बाईनंच डोहावर शिकवलेलं. जीभ आपोआप टाळ्याला चिकटली.

"इमले व!"

मी मागं पाहिलं. काठावर सलीमभाई एकटा, तोही मान वळवून वाटेकडे बघत होता. मी वाट पाहिली. चार श्वास, पाच श्वास... काही नाही. आतून वैशाली ओरडली, "आई, ये ना!" मी चिरीत शिरले. आत धबधब्याचा एवढा आवाज की स्वतःचं बोलणं ऐकू येईना.

दहा मिनिटांनी बाहेर आलो तर सलीमभाई उभा होता. मला म्हणाला, "अम्मा, आपके साथ और कोई आया है क्या? कोई औरत आपको बुला रही थी. आप अंदर गयीं, उसके बाद एक बार और बुलाया. इमले, इमले, ऐसा कुछ. मैं ऊपर तक देख के आया, कोई नहीं है."

वैशालीनं मला कधी इमले म्हटलेलं नाही. त्या माणसाला ते नाव कुठून कळणार?

मी ओल्या कपड्यानं खडकावर बसून राहिले. तिसरी हाक आली होती. म्हणजे माणसाचीच होती.

बोटीपाशी आलो तेव्हा फोनला रेंज आली. रेखाचे सात मिसकॉल. दुपारचे तीन वाजत आले होते, म्हणजे आपल्याकडे साडेचार. बाई गेली होती.

परत आल्यावर बाळूनं, म्हणजे बाईच्या मुलानं, मला सांगितलं, "मावशी, शांत गेली माय. झोपीत." मी मानलं. पण तेराव्यानंतर रेखा माझ्याकडे आली, दार लोटून घेतलं अन रडायला लागली.

"मावशी, तुमच्यापासून लपवता येत नाही मले. गोळ्यायनं त्या खरंच झोपून राहत, अन तुमचा फोन बंद झाल्यापासून म्हणत, इमली रागावली माह्यावर. त्या दिवशी दोन वाजून गेले होते, मी गोळी दिली. ज्यायले कूस बदलायले दोन माणसं लागत, त्या एकदम उठून बसल्या. दाराकडं पाहून हाक मारली, इमले. मंग अजून एकदा. मी म्हटलं, आत्याबाई, मावशी तं मस्कतले हाये. तं मले म्हणे, चूप, इमली देईन ओ. लय वेळ कान देऊन बसल्या. मंग तिसरी हाक मारली. अन मंग..."

"मंग काय व?"

"मंग म्हणे, नाही देत. अजून रागातच हाये माह्यावर. अन आडव्या झाल्या."

तिथले साडेबारा म्हणजे इथले दोन. हे गणित मी शंभर वेळा केलं. हाक समुद्रापलीकडे कशी आली, सलीमभाईला का ऐकू आली, वैशालीला का नाही – मला काही सांगता येत नाही. लेकीनं त्याला नंतर फोन करून पुन्हा विचारलं, त्यानं तेच सांगितलं. कोणी म्हणतं भास, कोणी म्हणतं कातळातला प्रतिध्वनी. असेल. मी वाद घालत नाही.

पण इतके दिवस मला वाटत होतं, ती रुसलीय. अन तिला वाटत होतं, मी. ते समजूनच ती गेली.