अर्धी मॅच आन् असली डिस्क

पोरीचे बाबा गेले तेव्हा कम्प्युटरवरची त्याईची क्रिकेटची मॅच अर्धीच राह्यली होती. त्याईचा खेळाडू अजून नाबाद हाय. माही लहान पोरगी दिवाबत्तीच्या वक्ताले कम्प्युटर लावते, हात जोडते न म्हनते, "बाबा आउट नाही झाले वं आई." आम्ही बटन दाबत नाही. दाबलं तं बॉल येईन.

डिस्क टाकल्याबिगर ते मॅच उघडत नाही. असली डिस्कले चरे पडले म्हून त्याईनंच बर्डीवरच्या दुकानातून एक कॉपी करून आनली होती, तेच आम्ही लावतो. असली तं तेरवीले गेली. आमच्यात गेलेल्या मानसाच्या आवडीच्या वस्तू जावयाले देतेत, म्हंजे त्याचा जीव घरात घुटमळत नाही. सासूबाईनं चप्पल, घड्याळ, छत्री आन् ते डिस्क, डब्बीसगट, नरखेडच्या जावयाच्या, म्हंजे माह्या नणंदेच्या नवऱ्याच्या, हातात ठेवली. मी रडून राह्यली होती, मले काई समजलंच नाही.

मंग माहा देर आला, त्याईचा लहाना भाऊ, मिहानमधी कम्प्युटरच्या हाफिसात हाय तो. डिस्क पाह्यली न म्हने, "वैनी, याची असली कुठं हाय?"

"जावयाले देल्ली."

"मंग हे ठेवता येत नाही ना वैनी. असली आपल्याजवळ असन तं खराब होईन म्हून एक कॉपी कायद्यात चालते. असली देऊन टाकली, तं कॉपी तोडा लागते."

"पोलीस येईन काय?"

"तुमच्या घरी कोन येते!" हासला तो. पन शाळा सोडलेली बाई मी, मले कायदा काय समजते. दारापुढं गाडी थांबली का मी पैले कम्प्युटरवर चादर टाको, मंग पोरीले जवळ घेओ.

सासूबाईले म्हटलं, "मी असली मांगून आनतो."

"बावरली काय वं? तेरवीचं देल्लं कोनी वापस मांगते? त्याच्यासंगं तो जीव घरात वापस येते."

"येऊ द्या."

तोंडातून निंगालं न मीच भेली.

एसटीत नरखेडपर्यंत मी पोरीचा हात सोडला नाही. नणंदेनं सारं आयकलं न म्हने, "कायद्यासाठी आली म्हने! तुले माहा भाऊ पायजे, मले काय समजत नाही?" डब्बी तिनं देवाजवळ ठेवली होती, उघडलीबी नवती. माह्या हातात देल्ली. "छत्री बी नेते काय?"

"छत्री राहू द्या, ताई."

दोघीबी हासलो, मंग दोघीबी रडलो.

घरी आलो तं दिवे लागले होते. डब्बी कपाटात ठेवली, कॉपी लावली. आता चादर टाकाचं काम नाही. पडद्यावर ते उभेच होते, बॅट टेकवून. पोरीनं हात जोडले. मांगं पाह्यलं तं सासूबाई उंबऱ्यात बसून होत्या, बाहेर तोंड करून. जेवनं झाल्यावर मी दाराची कडी लावाले गेली, तं सासूबाईनं लावू देल्ली नाही.