कॉलनीभर अण्णा

आमच्या अण्णांचा हर्निया त्या टँकरच्या पाइपनंच वाढवला, हे माझं मत आजही पक्कं आहे. अण्णा म्हणजे माझे वडील, शाळेतले पीटीचे मास्तर. निवृत्त झाल्यावर जरा निवांत बसतील, आईला घेऊन कुठं फिरून येतील, असं आम्हाला वाटलं होतं. कशाचं काय. आमच्या कॉलनीत नळाला रोज पाणी येत नाही, मधल्या दिवसांत टँकर मागवावा लागतो. तो आधी कोणाच्या दारात लागणार, हे अण्णा ठरवायचे. गळ्यात शाळेतली शिट्टी, खांद्यावर पाइप आणि कानाला फोन. आई म्हणायची, "माझी सवत भोंगा वाजवत येती, अन् हे पळत जात्यात."

डॉक्टरांनी बजावलं होतं, ऑपरेशन लांबवू नका, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. अण्णांचं एकच पालुपद, "मी आडवा पडलो तर पाण्याचं कोण बघंल?" ऐकून ऐकून माझं डोकं फिरलं. एकदा जेवताना ताट बाजूला सारून मी म्हणाले, "मी बघते."

माझं ऑफिस औरंगपुऱ्यात, एका बोळातल्या दुसऱ्या मजल्यावर. माझं काम लोकांना पटकन समजत नाही. एखाद्या वेबसाइटवर एकाच वेळी खूप माणसं आली तर ती तग धरेल का, हे आम्ही आधीच तपासतो. खरी माणसं कुठून आणणार? म्हणून संगणकातच नकली माणसं तयार करायची, त्यांना वेबसाइटवर सोडायचं आणि ती कुठं धापा टाकते ते बघायचं. आई पाहुण्यांना सांगते, "हिला लोकांच्या वेबसाइटी पाडायचा पगार मिळतो."

तर मी आणि ऑफिसातल्या एका मित्रानं मिळून टँकरची वेबसाइट केली. फोनवरून आपापल्या खात्यातून नंबर लावायचा आणि टँकर कुठल्या गल्लीत आहे तेही तिथंच बघायचं. अण्णांची अट साधी होती. टँकरच्या एका सकाळी त्यांचा फोन एकदाही वाजला नाही, तर ते दवाखान्यात भरती होणार. वाजला, तर विषय संपला.

नकली माणसं करायची तर खरी माणसं कशी वागतात हे आधी कळावं लागतं. मी अण्णांनाच विचारलं. मास्तरांची छाती फुगली. "आपली माणसं लई शिस्तीतली हायेत. एकदा नंबर लागला की दुसऱ्यांदा कुणी इचारत नाय. मी वळण लावलंय त्यांना." म्हटलं, ठीक. माझी नकली माणसं आली, नंबर लावून गुमान निघून गेली. वेबसाइटला घामही फुटला नाही. मी खुशीत घरी येताना क्रांती चौकातून जिलेबी घेतली.

टँकरच्या सकाळी अण्णा फोन हातात धरून बसले आणि आई अन् मी तो वाजतोय का म्हणून कान टवकारून. थोड्या वेळानं वेबसाइटचं पान पांढरंफट्ट पडलं आणि फोन वाजायला लागला तो थांबेचना. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, खुंटीवरची शिट्टी काढली आणि एक हात पोटाशी दाबून जिना उतरले. मी रागानं रडले. राग वेबसाइटचा की त्या म्हाताऱ्याचा, ते मलाच कळत नव्हतं.

ऑफिसात जाऊन वेबसाइटवर कोण कधी आलं त्याच्या नोंदी उघडल्या. पान उघडायला लागलेल्या वेळाची सरासरी बघितली तर सगळं छान दिसत होतं. पण सरासरीवर विश्वास ठेवायचा नसतो, सगळ्यात जास्त ताटकळलेला माणूस शोधायचा असतो. तो शोधताना दिसलं, नंबर लावायला काही गर्दी नव्हतीच. नंबर लागल्यावर ही शिस्तीतली माणसं 'टँकर कुठं आहे' ते पान उघडत होती, बंद करत होती, परत उघडत होती. बरोबरच आहे. इथं भांड्यात धार पडल्याशिवाय पाणी आलं असं कोणी मानतं का? आणि त्या नोंदींत सगळ्यात वरचा मानकरी कोण, तर आमचे वळण लावणारे मास्तर. मी हसून हसून बेजार.

मग मी माझी शिस्तीतली नकली माणसं मोडीत काढली आणि अण्णा बनवले. नंबर लावून झाला तरी दम न धरणारे, पान पुन्हा पुन्हा उघडणारे अण्णा. अख्खी कॉलनी अण्णांनीच भरली आणि सोडली वेबसाइटवर. ती लगेच झोपली. प्रत्येक अण्णासाठी सर्व्हर टँकर कुठं आहे याचा सगळा हिशेब नव्यानं मांडत बसायचा. मित्रानं तो एकदाच मांडून सगळ्यांना दाखवायची सोय केली. परत अण्णा सोडले. या वेळी वेबसाइट उभी राहिली. मित्र म्हणाला, "एवढे अण्णा झेपले, आता काहीही झेपेल." मी म्हणाले, "आम्हाला एकच झेपत नाही."

अण्णांकडून आणखी एक सकाळ मागून घेतली. त्या टँकरला फोन वाजला नाही. अण्णांनी तो दोनदा उलटासुलटा करून बघितला, बंद तर पडला नाही ना म्हणून. आई म्हणाली, "व्हय, व्हय, चालू हाय. चला आता."

ऑपरेशनच्या दिवशी नेमका टँकर होता. अण्णांना आत नेलं. आई समोरच्या बाकावर जाऊन बसली. मी इकडं लॅपटॉप उघडून वेबसाइटचा ग्राफ बघत बसले, कारण दाराकडं बघवत नव्हतं. माणसं येत होती, जात होती, वेबसाइट मजेत होती. नोंदींत अण्णांचं खातं तेवढं गप्प होतं. संगणकात मी हवे तितके अण्णा करू शकत होते, आणि मला तर तो आतला एकच पाहिजे होता. मला खूप भीती वाटत होती.

तेवढ्यात अण्णांचं खातं हललं. 'टँकर कुठं आहे.' परत. आणि परत.

मान वर केली. समोरच्या बाकावर आई, अण्णांचा चष्मा नाकावर, अण्णांचा फोन अगदी डोळ्यांजवळ धरून एका बोटानं दाबत होती.

"आई, काय करतेस?"

"बघून ठेवते," ती म्हणाली. "भाईर आल्या आल्या हेच इचारतील ना."

मी लॅपटॉप मिटला आणि तिच्याजवळ जाऊन बसले. टँकर दुसऱ्या गल्लीत होता. तिनं पान बंद केलं आणि पुन्हा उघडलं.