तड्यातली माती

नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. केळापूरच्या पलीकडे एका नाल्यावर तलाव बांधायचा होता आणि बांधाची जागा तपासायला मला, खात्यातल्या सर्वांत धाकट्या भूवैज्ञानिकाला, पाठवलं होतं. डाव्या टेकडीत एक तडा होता, नाल्याकडे उतरता; कधीकाळी त्यावरून जमीन सरकलेली. नाल्याच्या वरच्या अंगाला त्यात चुनखडीचा पांढरा चुरा बसला होता. खालच्या अंगाला, नेमका बांध टेकणार तिथे, हिरवट चिकणमाती.

ती खरवडत होतो तेव्हा जवळच्या बंजारा तांड्यावरची एक म्हातारी टोपली घेऊन आली. तांड्यात सगळे तिला याडी, म्हणजे आई, म्हणत.

"बाबू, हे माती कायले खरडून राह्यला?"

"तपासायला. तुम्ही कशाला नेता, याडी?"

"केसं धुवाले. सुकी असली तं दगडावानी. वली झाली का हातात ठयरत नाही."

मी थबकलो. इतके दिवस मी दगडाचीच मजबुती पाहत होतो.

ही माती भिजली तर टेकडी घसरेल, हे ऐकून आमचे इंजिनिअरसाहेब हसले. "दोन्हीकडे पक्का दगड आहे. बोटभर मातीनं टेकडी हलते का?"

"दाखवतो," मी म्हणालो.

विश्रामगृहाच्या व्हरांड्यात फरश्यांच्या दोन जोड्या विटांवर तिरप्या लावल्या. एकीत पांढरा चुरा, दुसरीत हिरवी माती. कोरड्या होत्या तोवर एकही हलली नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग मी दोन्हींत तांब्या-तांब्याभर पाणी ओतलं. चुऱ्यावरची फरशी तशीच राहिली. मातीवरची आधी केसभर, मग बोटभर सरकली आणि धाडकन साहेबांच्या बुटापाशी आदळली.

साहेब वाकले, मातीला बोट लावलं. "आणि तलाव भरला की पाणी तड्यात दाबानं शिरणार."

"हो साहेब. वरचा दगड उचलून धरणार."

त्यांनी नकाशा मागवला आणि स्वतःच्या हातानं बांधाची रेघ खोडून दोन फर्लांग वर, पांढऱ्या चुऱ्याच्या अंगाला ओढली. अहवालात मी याडीचं म्हणणं लिहिलं होतं. तेही त्यांनी राहू दिलं.

तलाव झाला. पहिल्याच भरपूर पावसात जुन्या जागेची टेकडी त्या हिरव्या मातीवरून घसरून नाल्यात आली. कुणाला खरचटलंही नाही. वरचा बांध मात्र काठोकाठ पाणी पेलून उभा होता. साहेबांनी सगळ्या मजुरांदेखत मला हात धरून बांधावर नेलं.

"हा नसता तर आज आपला बांध पैनगंगेत असता!"

मजुरांनी एकच गलका केला. मीही ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण दोन दिवस घसा बसला होता.