दुसऱ्या नळीतलं रक्त

माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही, आणि त्याचा दोष मी सरळ माझ्या धंद्याला देते. सत्तरच्या दशकात नागपुरात सांधेवातावर संशोधन करायचं म्हणजे मेंढीचं रक्त लागायचं. रोग्याच्या रक्तातलं पाणी मेंढीच्या रक्तपेशींवर घालायचं. पेशी एकमेकींना चिकटल्या तर सांधेवात, सुट्या राहिल्या तर बहुधा नाही. खाटीक मेंढीचं म्हणून बोकडाचं रक्त खपवायला बघायचा. म्हणून मी स्वतः जाऊन आधी मेंढीचं तोंड बघायची, मग पुढचं काम. लोक हसायचे. हसोत बापडे!

एकदा महाल भागातले एक गृहस्थ आपल्या दोन मुलींपैकी मोठीला घेऊन आले. मुलगी विशीतली, बोटांचे सांधे सुजलेले, सकाळी मूठ मिटत नव्हती. मी रक्त तपासलं, तर पेशी अशा घट्ट चिकटल्या की शंकेला जागाच नाही. "औषध लगेच सुरू करा, नाहीतर बोटं वाकडी होतील," मी बजावलं.

"तिचं लग्न जुळून राहिलं जी," वडील म्हणाले. "ते झाल्यावर पाहू."

काही दिवसांनी तेच गृहस्थ एकटे आले, हातात रक्ताची नळी. "पोरीले ताप आहे, म्हणून घरीच कंपाउंडरकडून काढून आणलं. मुलाकडच्यांनी रिपोर्ट मागितला. एक डाव पुन्हा तपासा ना मॅडम."

तपासलं. पेशी सगळ्या सुट्या! आता हा रोग काय पाहुणा आहे, चहा घेऊन उठून जायला? कुठेतरी पाणी मुरत होतं. मुलीचं पहिलं रक्त फ्रिजमध्ये शिल्लक होतं. दोन्हींचा रक्तगट पाहिला, तर एक ए आणि एक बी. रोग एक वेळ हटेल, रक्तगट बदलत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी ते रिपोर्ट घ्यायला आले, तेव्हा मी त्यांना बसूही दिलं नाही. "धाकटीचं रक्त आणलंत ना, काका? खोटा कागद दाखवून लग्न लावाल, आणि मोठी पोरगी सासरी औषधावाचून लुळी होईल, त्याचं काय?"

"देवाशपथ, धाकटीचं नाही जी."

"मग कोणाचं?"

ते दाराकडे बघू लागले. दारात एक उंच, काळासावळा तरुण उभा होता. तो आत आला.

"माह्यं रक्त आहे मॅडम," तो म्हणाला. "माह्यासंगंच तिचं लग्न ठरलं आहे. माह्या घरच्यांले कागद साफ पाहिजे, म्हणून मीच दिलं."

तो सावनेरकडे कोळसा खाणीत कारकून होता. हुंडा मागणारे नवरे मी ढिगाने पाहिले होते, रक्त देणारा हा पहिलाच. पण माझं मन काही विरघळलं नाही. तरुणपणी काय, कोणीही हीरो होतो.

"तिची बोटं वाकतील, माहीत आहे?"

"तिनंच सांगितलं."

"मग काहून करून राहिले हे?"

तो लाजला. "आवडते मले ती."

"खोटा रिपोर्ट मिळणार नाही," मी म्हटलं. "घरी जाऊन खरं सांगा, मग लग्न करा. आणि पोरीला उद्यापासून औषधाला पाठवा."

दोघं मान खाली घालून गेले. मला वाटलं, संपलं, आता हा कसला परत येतो! माझ्यामुळे एका पोरीचं लग्न मोडणार, ही रुखरुख लागून राहिली.

लग्न झालं. त्याच्या घरी चार महिने धुसफूस झाली म्हणे, पण झालं. ती मंगळसूत्र घालून ओपीडीत इंजेक्शनं घ्यायला यायला लागली. आधी तो सोबत असायचा, मग ती एकटीच येऊ लागली. माझा संशय पुन्हा जागा झाला. आम्ही देत होतो त्या औषधांना दाद न देता तिची बोटं हळूहळू वाकत गेली. दर वेळी मी विचारायची, "घरी त्रास देतात का?" ती म्हणायची, "नाही जी." अहो, तसं तर सगळ्याच म्हणतात. मी नाडी बघायच्या निमित्ताने तिच्या हातांवर वळ शोधायची.

एकदा मान तपासायला तिला पाठ फिरवून बसवलं, आणि तिची वेणी समोर आली. एक पेड जाड, दोन बारीक, मधूनच केस सुटलेले, आणि खाली रिबिनीची अशी गाठ की तुरीच्या पोत्याचं तोंड बांधावं. ही वेणी कुठल्या बाईच्या हातची नव्हती.

"कोण घालून देतं वं ही?"

ती वाकडी बोटं तोंडावर धरून हसायला लागली. "काय सांगू मॅडम! दोन वर्षं झाले शिकवून राहिली, अजून जमत नाही त्यांले."