झेलणाऱ्याची पारख

तापीच्या अलीकडे आणि पलीकडे मिळून अख्ख्या खानदेशात, अमेरिकन फुटबॉलमधला चांगला वाइड रिसीव्हर कसा ओळखावा हे छातीठोकपणे सांगू शकणारा माणूस एकच आहे, आणि तो माझा मामेसासरा आहे. वय एकाहत्तर, मुक्काम अमळनेर, उभी नोकरी एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून. अमेरिकेला ते कधी गेले नाहीत. फुटबॉलला जन्मात पाय लावला नाही; आणि त्या फुटबॉलला तिकडेही फारसं कोणी पाय लावत नाही, हातातच घेऊन पळतात, हे कळल्यावर तर त्यांना तो आपल्या माणसांचाच खेळ वाटायला लागला. रिसीव्हर म्हणजे त्यातला झेलणारा. एकाने लांबून चेंडू फेकायचा आणि याने अंगावर येणाऱ्या गड्यांना चुकवत पळत जाऊन तो झेलायचा. फेकणारा फेकतो तेव्हा झेलणारा तिथे नसतोच. चेंडू पोहोचेपर्यंत त्याने तिथे पोहोचायचं असतं. हे मामांनी मला पहिल्यांदा समजावलं तेव्हा सगळा खेळ त्यातच आहे हे सांगताना ते भरात अहिराणीवर आले. "वेळेवर पोचणं, जावईबापू! बठ्ठा खेळ तिथेच शे."

हे वेड लागलं त्यालाही कारण होतं. मामींना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा मेव्हणा, ओहायोत. मामी होत्या तोवर त्याचे फोन तासतासभर चालत, कारण बोलायच्या त्या, आणि मामा पलीकडच्या खुर्चीवरून "त्याला स्वेटर घाल म्हणा" एवढं म्हणायचे. मामी गेल्यावर फोन मामांच्या हातात आला आणि बापलेकांच्या लक्षात आलं की आपल्याला एकमेकांशी काय बोलायचं ते माहीतच नाही. हवापाणी झालं की दोघेही घसा खाकरत. त्या वर्षी मेव्हण्याच्या ऑफिसातल्या मित्रमंडळींच्या फँटसी लीगला एक माणूस कमी पडला. या लीगमध्ये बारा जण आळीपाळीने खरेखुरे खेळाडू आपल्या कागदावरच्या संघात निवडतात, त्या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. मग ते खेळाडू दर रविवारी मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्याला. बारावं नाव म्हणून मेव्हण्याने बापाचं टाकलं. त्याला वाटलं, आबा काय खेळणार, जागा भरेल.

मामांनी ते ड्यूटी लागल्यासारखं अंगावर घेतलं. दोनशे पानी वही आणली, तिच्यात जुन्या सवयीने रकाने आखले. इंग्रजी लेख फोनवर मराठी करून वाचले. त्या मराठीत अर्थ कमी आणि विनोद जास्त असायचा, पण मामा विनोदाकडे लक्ष देत नसत. दोन महिन्यांत त्यांचे नियम तयार झाले, आणि ते त्यांनी गल्लीतला न्हावी, दूधवाला आणि मी अशा तिघांना तोंडपाठ करवले. झेललेले चेंडू मोजू नका, त्याच्याकडे फेकलेले मोजा. ज्याच्याकडे दर सामन्यात दहा वेळा फेकतात त्याच्यावर संघाचा भरवसा असतो, झेल आज ना उद्या येतीलच. झेलणाऱ्याआधी फेकणारा बघा; ड्रायव्हर धड नसेल तर नवीन गाडी असून काय उपयोग? एखाद्या लांब धावेला भुलू नका. त्याच संघात दुसरा वरचढ झेलणारा आहे का ते विचारा. नव्या पोराला पहिल्या वर्षी घाईने घेऊ नका, तिसऱ्या वर्षी सोडू नका. प्रत्येक संघाला हंगामात एक आठवडा सुट्टी असते, तेव्हा एकाच आठवड्यात सुट्टीवर जाणारे दोघे कधी घेऊ नका. हा शेवटचा नियम सांगताना त्यांच्या डोळ्यांत दिवाळीच्या रजेच्या अर्जांची थप्पी दिसायची.

आणि हात. झेलणाऱ्याचे हात मऊ पाहिजेत, चेंडू त्यात आदळू नये, मुरावा, असं त्यांनी कुठेसं वाचलं. पारोळ्याला एका लग्नात आम्ही नवरदेवाला भेटायला स्टेजवर गेलो. मामांनी शेकहँड केला तो सोडेनात. तळवा दाबून पाहिला, उलटा केला, आणि नवरदेवाच्या वडिलांकडे वळून मनापासून म्हणाले, "हात काय मऊ आहेत हो पोराचे!" वडील रावेरकडचे, केळीचे बागायतदार. त्यांचा चेहरा उतरला. "पाहुणे, पोरगा रोज बागेत असतो आमचा," ते म्हणाले, "कोणी काही सांगितलं का तुम्हाला?" मुलीकडची मंडळी जवळ सरकली. मी मामांना जिलेबीच्या दिशेने ओढून नेलं. वाटेत ते मलाच विचारत होते, "मी वाईट काय बोललो?"

एकदा धुळ्याला माझ्याकडे आले ते थेट हाडांच्या डॉक्टरचा नंबर लावूनच. दीड तास रांगेत बसलो. आत गेल्यावर मामांनी विचारलं, "मांडीमागचा स्नायू ताणला तर माणूस किती दिवसांत पळतो?"

"कधी लागलं तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला नाही. त्याला. तो अमेरिकेत असतो."

"मुलगा का?"

मामांनी वही उघडली. "नाही," म्हणाले, "मुलगा बरा आहे. हा आमचा तिसरा झेलणारा."

डॉक्टर भले होते. चार ते सहा आठवडे, घाई केली तर परत उखडेल, असं त्यांनी नीट सांगितलं. मामांनी ते वहीत लिहून घेतलं आणि त्या गड्याला सहा आठवडे राखीव बसवलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "चांगला माणूस. मुलाचं विचारलं त्याने."

ती दोन वर्षं मामांची चांगली गेली. सोमवारी सकाळी, म्हणजे तिकडे रविवारी रात्री, मेव्हण्याचा फोन यायचा आणि बापलेक कडाकडा भांडायचे. "आबा, तुम्ही त्याला घेतलंच कसं? मी त्याच्यावर टपून होतो!" "टपून काय बसतो? नंबर आला की घ्यायचा!" चाळीस-चाळीस मिनिटं. मधूनच, भांडणाच्या ओघात, मुलगा सांगून जायचा की ऑफिसात साहेब बदललाय, गुडघा दुखतो, आईच्या हातच्या भरिताची आठवण येते. मामा ते ऐकून घेत आणि पुन्हा रिसीव्हरवर येत, कारण तो विषय सोडला तर बाकीचंही बंद होईल अशी त्यांना भीती होती. हे त्यांनी मला सांगितलं नाही, पण मी पलीकडच्या खुर्चीत बसलेला असायचो.

तिसऱ्या वर्षी मेव्हण्याला मुलगी झाली. जुलैत त्याचा फोन आला. "आबा, यंदा मला नाही जमणार. झोपच होत नाही. तुम्हीपण सोडा हवं तर." मामा म्हणाले, "बरं. पोरीला सांभाळ." फोन ठेवला आणि बराच वेळ आखलेल्या रकान्यांकडे बघत बसले. मी म्हटलं, मग सोडताय? "मी कसा सोडू?" ते म्हणाले. "एक गेला, मी गेलो तर दहाच राहतील. लोकांचा खोळंबा." ओहायोतल्या ज्या दहा जणांचा खोळंबा होणार होता त्यांतल्या एकालाही त्यांनी पाहिलं नव्हतं. ती मंडळी त्यांना 'कंट्रोलर' म्हणत आणि त्यांच्या चुकलेल्या इंग्रजीला ग्रुपवर शाबासकीचे अंगठे टाकत.

रिकाम्या जागेवर मग मी माझं नाव घातलं. मला त्या खेळातलं अजूनही काही कळत नाही. ऑगस्टात ड्राफ्टच्या आदल्या दिवशी अमळनेरला गेलो. तिकडची शनिवार संध्याकाळ ती आपली रविवारची सकाळ. सहाला मामा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. शेजारी शेजारी दोन फोन. मी वहीत डोकावलो तर त्यांनी तळव्याने पान झाकलं. "इथे नातं नाही, जावईबापू." दर निवडीला दीड मिनिट मिळतं. पहिल्या तिन्ही फेऱ्यांत मी नुसत्या नावाच्या आवाजावर माणसं घेतली आणि मामांच्या तोंडून कळ आल्यासारखा आवाज निघत राहिला. चौथ्या फेरीत माझी वीस सेकंदं उरली तेव्हा त्यांना राहवलं नाही. भिंतीकडे तोंड करून पुटपुटले, "तो दुसऱ्या ओळीतला. हाऊ गडी बेस शे." त्यांना स्वतःला हवा होता तो.

तेव्हापासून सोमवारी सकाळी साडेसहाला मला फोन येतो. गेल्या महिन्यात मात्र मेव्हण्याचा आला.

"दाजी, आबांची तब्येत बरी आहे ना? पोरगी झोपल्यावर रविवारी रात्री मला थोडा वेळ मिळतो. तीन आठवडे झाले, फोन नुसता एंगेज लागतो. कोणाशी बोलतात एवढं?"

"माझ्याशी," मी म्हणालो.

"काय बोलता?"

"रिसीव्हर."

तो हसला. मग म्हणाला, "यंदा कोण कोण आहे त्यांच्याकडे?" मी नावं आठवायला लागलो तर म्हणाला, "जाऊ द्या."

पुढच्या सोमवारी मामांचा फोन आला तेव्हा पाचव्या मिनिटाला मी म्हटलं, "मामा, आज कॉलेजात लवकर तास आहे. ठेवू का?"

"एवढ्या सकाळी?" मग आवाज खाली आला. "बरं, बरं. जा तुम्ही."

मी स्वयंपाकघरात फोन समोर ठेवून बसलो. बायकोने चहा दिला, तीही बसली. "त्याने मामांना फोन केला असेल का?" तिने विचारलं. मी म्हटलं, काय माहीत. वीसेक मिनिटांनी फोन वाजला.

"पोराचा आला होता," मामा म्हणाले. "व्हिडिओवर. नातीला खालचे दोन दात आलेत. आवाजाने जागी झाली, मला बघून आधी रडली. ओळखत नाही ना. मग हसली."

"किती वेळ बोललात?"

"असेल सात-आठ मिनिटं. त्याला झोप येत होती. बिचारा दमतो."

मग ते म्हणाले, "तुमचा तास होता ना, जावईबापू?"

"रद्द झाला."

"हां." पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. "मग बसा जरा. तुमच्या दुसऱ्या झेलणाऱ्याचं या आठवड्यात काय करायचं ते बघू."

बाहेर शाळेच्या रिक्षा सुरू झाल्या होत्या. मी बायकोला चहा परत गरम करायची खूण केली आणि बसलो.