एलिरेहेमाचा सिंह

अरुशातल्या आमच्या गॅरेजमध्ये एलिरेहेमाचं आयुष्य सफारीच्या गाड्यांखाली गेलं. तो त्या दुरुस्त करायचा आणि दुसऱ्या दिवशी त्या पाहुण्यांना सिंह दाखवायला निघायच्या. त्याने स्वतः कधी सिंह पाहिला नव्हता. "जाऊ की, सिंह कुठे पळून जातोय," म्हणायचा. मग साखरेच्या आजाराने डोळे धरले. पुढच्या पावसापर्यंत उरलेली नजरही जाईल, असं डॉक्टर म्हणाले. अंधुक उजेडात तर त्याला आत्ताच काही दिसत नव्हतं.

म्हणून त्याचा गावचा मित्र तुमसिफू, जो सफारीची गाडी चालवतो, त्याने सुट्टीच्या दिवशी मालकाची गाडी मागून आणली. आम्ही तिघं तारांगिरेच्या जंगलात शिरलो.

"पाहुण्यासारखा बस. इंजिन ऐकू नकोस," तुमसिफू म्हणाला.

"तुझा क्लच रडतोय, मी काय करू?"

"त्याला सांग, साहेब आज सुट्टीवर आहेत."

दुपारी समोरून येणाऱ्या एका ड्रायव्हरने सांगितलं, नदीजवळच्या बाभळीखाली सिंह मारलेल्या शिकारीपाशी बसलाय. आम्ही तिकडे निघालो आणि वाटेत पाहुण्यांनी भरलेली एक गाडी वाळूत रुतलेली दिसली. मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता. आमच्या धंद्यात अडकलेली गाडी ओलांडून कोणी जात नाही. जो जातो, त्याच्यासाठी पुन्हा कोणी थांबत नाही. तरी तुमसिफूने वेग कमी केला नाही.

"मागून कोणीतरी येईल," तो म्हणाला.

"थांब," एलिरेहेमा म्हणाला.

"आज नाही, भावा."

"तू थांबला नाहीस तर मी उडी मारीन. मग माझ्याच जखमा बांधत बसशील."

ओढायला आमचीच गाडी हवी होती. रुतलेली गाडी बाहेर काढून, पाट्याला लाकूड घालून दोर आवळेपर्यंत ऊन उतरलं. पाहुणे हात हलवत गेले.

बाभळीपाशी पोचलो तेव्हा सूर्य टेकडीआड गेला होता. सिंह होता. मला दिसला, तुमसिफूला दिसला.

एलिरेहेमा गाडीच्या उघड्या छपरातून वर उभा राहिला. "कुठे?"

"झाडाच्या डावीकडे. गवत काळपट आहे ना, तिथे."

"सगळंच काळपट आहे रे."

रस्ता सोडून गवतात गाडी घातली तर परवाना जातो. तुमसिफूचा हात स्टिअरिंगवर होता. "जाऊ का आत?"

"नको. तुझा परवाना गेला तर गॅरेजमध्ये येशील. तिथे जागा नाही." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "काय करतोय?"

"झोपलाय. पाय वर करून."

"म्हणजे आमच्या मालकासारखा."

कोणी हसलं नाही. आम्ही त्याच्या उठण्याची वाट पाहत राहिलो. उजेड जात होता. शेवटी एलिरेहेमाच खाली बसला.

"चालू कर. जंगलाचं फाटक बंद होईल."

तुमसिफूने किल्ली फिरवली. आवाजाने सिंहाने मान वर केली.

"बघतोय तो. आपल्याकडेच बघतोय," मी म्हणालो.

एलिरेहेमा पटकन वळला आणि गाडी हलेपर्यंत भलतीकडेच डोळे लावून राहिला.